वर्तकबाईंचा मसुदा

वर्तकबाईंनी कॉलेजच्या मांजरासाठीसुद्धा नियम केले होते. ते टाइप करून ग्रंथालयाच्या दाराला आतल्या बाजूनं चिकटवलेले होते आणि खाली सही-शिक्का होता. मांजराने वर्तमानपत्रांच्या टेबलावर झोपावे, मात्र आजच्या अंकावर झोपू नये. परीक्षेच्या दिवसांत वाचकांच्या मांडीवर बसू नये. पिल्ले घालायची झाल्यास संदर्भग्रंथांचा खालचा कप्पा वापरावा, कारण तो तसाही कोणी उघडत नाही. मांजर हे नियम पाळतं, असं बाईंचं म्हणणं होतं. ते खोडून काढायला आमच्यापैकी कुणाकडे लेखी पुरावा नव्हता.

कुमुद वर्तक आमच्या कॉलेजच्या ग्रंथपाल. कॉलेज अलिबाग तालुक्यात आहे. गावाचं नाव सांगत नाही, कारण या हकिकतीतली माणसं अजून एकाच टपरीवर चहा पितात आणि त्यांत मीही आहे. मी तिथं अर्थशास्त्र शिकवतो. बाई माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या, बारीक चणीच्या, कायम कडक इस्त्रीच्या सुती साडीत. केसांत पेन्सिल खोचलेली असायची आणि ती शोधायला त्या टेबलाचे सगळे खण उपसायच्या.

त्यांच्या तोंडी एकच प्रश्न असायचा, ‘कागदावर आहे का?’ शिपाई सांगत आला, की प्राचार्यांनी बोलावलंय, तर हाच प्रश्न. कुणी म्हटलं, उद्या सुट्टी आहे म्हणे, तरी हाच. एकदा खुद्द प्राचार्य कपाटातून एक कादंबरी काढून निघाले, तेव्हा बाईंनी त्यांना दारात थांबवून कार्ड मागितलं. कार्ड घरी राहिलं होतं. कादंबरी कपाटात परत गेली. दुसऱ्या दिवशी प्राचार्य कार्ड घेऊन आले, तर बाईंनी ते पुस्तक त्यांच्यासाठी वेगळं काढून ठेवलेलं होतं. हे मात्र कुठल्या नियमात नव्हतं.

एका वर्षी आमची सहल निघाली. आगरदांड्याहून फेरीनं दिघीला जायचं, पुढं समुद्रकिनारा बघून संध्याकाळी परत यायचं. बाईंनी चढताना एक सही आणि उतरताना एक सही, अशी वही केली होती. परतताना आगरदांड्याला सगळे बसमध्ये बसले आणि बस हलेना. बाई वही घेऊन ड्रायव्हरशेजारी उभ्या होत्या. एक माणूस अजून फेरीतच आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. तो माणूस मी होतो. मी पुढून दुसऱ्या सीटवर त्यांच्या डोळ्यांसमोर बसलेलो होतो, पण उतरताना सही करायला विसरलो होतो. मी सही केली आणि मग मी आलो.

मुलं खूप हसली. मीही हसलो. सगळ्यांना धरून चालणारा, हसतमुख माणूस अशी माझी ख्याती होती आणि मला ती आवडायची. माझंही एक वाक्य होतं, ‘समजुतीनं घेऊ.’ विद्यार्थी मंडळाचं काम माझ्याकडे आलं ते या वाक्यामुळंच.

विद्यार्थी मंडळ म्हणजे दर वर्गाचा एक प्रतिनिधी, आणि त्या सगळ्यांनी मिळून निवडलेला एक सचिव. निवड करा, एवढं वरून कळवलं जायचं. निवडल्यावर बैठक कधी घ्यायची, ती कुणी बोलवायची, किती जण हजर असले म्हणजे ती बैठक झाली, सचिव नको झाला तर काय करायचं, याबद्दल आमच्याकडे एक ओळसुद्धा लिहिलेली नव्हती. या गोष्टी ज्या त्या वर्षी ज्याचा आवाज मोठा, त्याच्या कलानं व्हायच्या. मी त्यालाच खेळीमेळीचं वातावरण म्हणत असे.

बाईंना ते बघवत नसे. खरं तर त्यांचा आणि मंडळाचा काही संबंध नव्हता. तरीही दर जूनमध्ये त्या स्वतः टाइप केलेला एक मसुदा घेऊन यायच्या. वर लिहिलेलं असे, ‘विद्यार्थी मंडळ : कामकाजाची नियमावली (मसुदा)’. माझ्याआधी हे काम ज्यांच्याकडे होतं, त्यांनाही त्या तो देत आल्या होत्या. दर वर्षी मसुदा थोडा जाड व्हायचा.

“अहो राऊत, एकदा वाचून तर बघा,” असं म्हणून त्या माझ्या टेबलावर ठेवायच्या. मी हो म्हणून खणात टाकायचो. स्टाफरूममध्ये त्यातली एखादी ओळ मोठ्यानं वाचली, की सगळ्यांची करमणूक व्हायची. ‘चहा बैठक संपल्यावर द्यावा. आधी दिल्यास सभासद चहा पिऊन निघून जातात.’ किंवा, ‘वक्ता पाच मिनिटांत न थांबल्यास सचिवाने त्याच्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवावा. तरीही न थांबल्यास ग्लास उचलावा.’ मी हे अभिनय करून वाचायचो. बाई कधी अचानक आत आल्याच, तर त्यांनाही वाटायचं, की राऊत खरंच वाचतायत. त्यांचा चेहरा उजळायचा. हे आठवलं, की आता मान खाली जाते.

त्या वर्षी दर्शना सचिव झाली. रेवदंड्याच्या कोळीवाड्यातली, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षातली मुलगी. तिच्या वडिलांची होडी होती, आई मासे सुकवायची आणि विकायची. घरातलं कॉलेजात आलेलं हे पहिलंच माणूस. बोलायला धीट, पण उगाच बोलणारी नव्हे. सचिव झाल्यावर पहिल्याच आठवड्यात तिनं मुलींच्या खोलीच्या दाराला कडी बसवून घेतली. ती दोन वर्षं तुटलेली होती आणि आम्हा कुणाला त्याचा पत्ता नव्हता. तिच्या विरोधात हरलेला सुजय म्हणजे संस्थेच्या एका विश्वस्तांचा पुतण्या. मुलगा वाईट नव्हता. हरायची सवय नव्हती, इतकंच.

नारळी पौर्णिमा झाली, होड्या पाण्यात गेल्या आणि दर्शनाची कॉलेजला दांडी पडू लागली. तिची आई तापानं आडवी होती. मासे यायचे तेव्हा ते निवडून वाळत घालायला घरात दुसरं कोणी नव्हतं. मंडळाच्या दोन बैठकांना ती आली नाही. दोन्ही बैठका मी जिन्यात भेटेल त्याला सांगून ठरवल्या होत्या. तिसऱ्या बैठकीची वेळ आयत्या वेळी बदलली, ती सुजयनं मोबाइलवरच्या त्याच्या गटात कळवली. त्या गटात दर्शना नव्हती.

मग सुजय पाचसहा जणांना घेऊन माझ्याकडे आला. तीन बैठका चुकवणारी सचिव आम्हाला नको, असं त्यानं सांगितलं. त्यात अगदीच तथ्य नव्हतं असंही नाही. स्नेहसंमेलन महिन्यावर आलं होतं. प्राचार्यांनी मला बोलावून सांगितलं, की आवाज होऊ देऊ नका, तुमच्या पद्धतीनं मिटवा. माझी पद्धत म्हटल्यावर मला बरंच वाटलं.

मी दुपारी कॅन्टीनमध्ये सगळ्यांना जमवलं. हात वर करायला सांगितले. वर गेलेल्या हातांत चौघांचे तरी असे होते, जे वर्गप्रतिनिधीच नव्हते, वडापाव खायला आलेले होते. ते मला दिसलं. पण मोजणी थांबवायची म्हटली असती, तर कोण मोजायचं आणि कोण नाही, हे कशाच्या आधारानं सांगायचं? मी मोजले. दर्शना समोर उभी होती. तिच्या हाताला मिठाचे पांढरे चरे पडलेले होते. तिनं शांतपणे विचारलं, “सर, मला काढायचं, तर ते कुठल्या नियमानं?”

मी म्हटलं, “अगं, सगळंच काय लिहून ठेवायचं असतं? आपण समजुतीनं घेऊ.”

तिनं मग ओढणीला लावलेला सचिवाचा बिल्ला काढून टेबलावर ठेवला आणि ती गेली. मी सगळ्यांना चहा सांगितला. दिवाळीच्या सुट्टीनंतर दर्शना कॉलेजला आली नाही.

बाईंना हे दुसऱ्याच दिवशी कळलं. त्या माझ्याशी भांडल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, की तिला का काढलं हे लिहून दिलंत का. मी म्हटलं, त्यात काय लिहायचं, सगळ्यांना माहीतच आहे. बाईंनी केसांतली पेन्सिल काढली, पुन्हा खोचली आणि त्या आपल्या कामाला लागल्या.

संमेलन थाटात झालं. ते झाल्यावर एका रिकाम्या तासाला मी खण आवरायला घेतला आणि मसुदा हाती आला. या वेळी टिंगलीसाठी ऐकणारं कोणी नव्हतं, म्हणून पहिल्यांदाच पहिल्या पानापासून वाचला. सहाव्या पानावर गैरहजेरीचं कलम होतं. सलग तीन बैठकांना गैरहजर राहिल्यास सचिवाला लेखी विचारणा करावी. उत्तरासाठी सात दिवस द्यावेत. सचिवाचे म्हणणे सर्वांसमोर ऐकून घ्यावे. ज्या बैठकीची सूचना फलकावर लागलेली नाही, ती मोजू नये. आणि त्याखाली होतं : ‘भातलावणी, भातकापणी व मासेमारीच्या हंगामात घरी काम असल्यास अशी गैरहजेरी रजा धरावी. आपल्याकडील मुले घरचे काम करून शिकतात, हे मंडळाने लक्षात ठेवावे.’

मी तो कागद घेऊन ग्रंथालयात गेलो. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. बाईंनी माझ्या हातातली पानं बघितली आणि विचारलं, “कुठपर्यंत वाचलंत?”

“सहावं पान.”

“ते कलम पाच वर्षांपूर्वी घातलंय,” त्या म्हणाल्या. “एक मुलगा भातकापणीला आठ दिवस गेला होता. परत आला, तर त्याच्या जागी दुसरा बसलेला. तो काही बोलला नाही, पुस्तक परत करून निघून गेला. जे बोलतात ना राऊत, ते आपलं करून घेतात. हे लिहायचं ते न बोलणाऱ्यांसाठी.”

मग त्यांनी बाकीची कलमंही सांगितली. प्रत्येकाच्या मागं एक मूल होतं. पाण्याच्या ग्लासाच्या कलमामागंसुद्धा एक मुलगी होती. तिनं भाषण पाठ केलेलं होतं आणि आधीचा वक्ता न थांबल्यामुळं तिचं भाषणच राहून गेलं होतं. मी ज्याचा अभिनय करून दाखवायचो, ती खरं तर बाईंची आठवणींची वही होती.

इथं मी लगेच रेवदंड्याला गेलो असं लिहिता आलं असतं, तर फार बरं वाटलं असतं. मी गेलो नाही. रिक्षा दारातून मिळते, अर्ध्या तासाचाही रस्ता नाही. जाऊ म्हटलं, मग परीक्षा आल्या, मग सुट्टी लागली. जितके दिवस गेले, तितकं जाणं अवघड होत गेलं. पुढच्या जूनमध्ये बाईंनी मसुदा दिला, तो मी प्राचार्यांकडे नेला. ते म्हणाले, बघू. त्याच्या पुढच्या जूनमध्येही तेच म्हणाले. मी दोन्ही वेळा गप्प बसलो.

तीन वर्षं अशी गेली आणि बाई निवृत्त झाल्या. निरोपसमारंभात त्यांनी बरोबर पाच मिनिटं भाषण केलं. त्यांच्या जागी आलेला तरुण ग्रंथपाल महिन्याभरानं माझ्याकडे एक रजिस्टर घेऊन आला. त्यात एका विद्यार्थिनीच्या नावावर गेली तीन वर्षं दर शनिवारी एक पुस्तक गेलेलं होतं आणि पुढच्या शनिवारी जमा झालेलं होतं. ही मुलगी कॉलेजच्या यादीत तर कुठंच नाही, असं तो म्हणाला. नाव दर्शनाचं होतं. नावापुढं बाईंच्या अक्षरात शेरा होता : ‘सभासदत्व रद्द करण्याचा लेखी अर्ज आलेला नाही. सबब चालू.’

त्या शनिवारी मी रेवदंड्याला गेलो.

दर्शना घरामागच्या मोकळ्या जागेत बांबूंवर बोंबील वाळत घालत होती. तिनं मला ओळखलं, स्टूल आणून दिलं. तिची आई ओट्यावर बसून होती. मी बरंच काही घोळवून आणलं होतं. पण तोंडातून एवढंच निघालं, की त्या वेळी माझं चुकलं.

दर्शना हातातलं काम न थांबवता म्हणाली, “सर, काढलंत त्याचं काय नाय. मला कागद पायजे होता.”

मला कळलं नाही. मग तिनं सांगितलं. घरी येऊन तिनं आईला सांगितलं, की मला सचिवपदावरून काढलं. आईनं विचारलं, का? बैठका चुकल्या म्हणून, असं ती म्हणाली, तर आई म्हणाली, बैठक चुकली म्हणून कुणी एवढं करतं व्हय? आळीत तोवर कुणी म्हणत होतं कॉपी केली असेल, कुणी कुठल्या मुलाचं नाव घेत होतं. बापानं होडीवर कुणाकुणाशी भांडण केलं. शेवटी आईच म्हणाली, आता जाऊ नकोस.

“अमुक कारणानं काढलं, असं दोन ओळी लिहून दिलं असतंत, तर मी दाखवलं असतं सगळ्यांना,” ती म्हणाली. “मग कुणाची जीभ चालली नसती.”

मी बाईंबद्दल विचारलं. तेव्हा तिचा चेहरा जरा सैल झाला. बाई दर शनिवारी येतात, पुस्तक देतात, हल्ली स्वतःचं, जुनं घेतात, काय वाचलं ते विचारतात. तिथंही कागदावर सही घेतात.

“आणि मग बसून राहतात,” ओट्यावरून आई पहिल्यांदाच बोलली. “काय बोलत न्हाय, नुसत्या बघत बसतात आमच्याकडं. घरी कोण नाय वाटतं त्यांना.”

इतक्या वर्षांत हे माझ्या मनात आलं नव्हतं. बाईंना घरी कोण आहे, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

परत येऊन मी पत्र लिहिलं. दर्शनाकडून कोणताही गैरप्रकार झाला नव्हता. घरच्या अडचणीमुळे ती बैठकांना येऊ शकली नाही. एका बैठकीची सूचना तिला दिलीच गेली नव्हती. तिला पदावरून दूर करण्याची पद्धत चुकीची होती आणि त्याची जबाबदारी माझी आहे. प्राचार्य सही करायला तयार नव्हते. या वेळी मी खुर्चीवरून उठलो नाही. एक तास बसून राहिलो, समजुतीनं घेतलं नाही. सही झाली. त्याच बैठकीत नियमावलीही मंजूर करून घेतली. मंडळ आता तिच्यावरच चालतं. या वर्षी एक मुलगा भातलावणीसाठी दोन बैठकांना आला नाही, त्याची रजा धरली गेली. तो अजून प्रतिनिधी आहे. चहाही शेवटीच येतो.

पत्र मी दर्शनाच्या आईला वाचून दाखवलं. तिनं ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग म्हणाली, “एवढं लिवायला तीन वर्षं लागली व्हय?” दर्शनाला मी कॉलेजात परत यायला सांगितलं. ती हसली, बघू म्हणाली. आमच्या प्राचार्यांच्याच तोंडचा शब्द होता तो. ती आलेली नाही.

पत्राची प्रत आणि छापलेली नियमावली घेऊन मी चौलला बाईंच्या घरी गेलो. सुपारीच्या वाडीत दोन खोल्यांचं, लख्ख झाडलेलं घर. बाईंनी नियमावली पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. एका ठिकाणी वेलांटी चुकली होती, ती पेन्सिलीनं दुरुस्त केली. पत्र वाचलं, घडी घालून परत दिलं. मी वाट बघत होतो. त्या एवढंच म्हणाल्या, की तारीख घातलीत हे चांगलं केलंत, आणि चहाला साखर आणायला शेजारी गेल्या.

मला पाणी हवं होतं, म्हणून स्वयंपाकघरात जाऊन मी भांड्यांचं कपाट उघडलं. दाराला आतून एक टाइप केलेला कागद लावलेला होता. नियमच होते, पण ते त्यांच्या स्वतःसाठी होते.

‘रोज एकदा तरी कुणाशी बोलावे. दूधवाला चालेल. रविवारी दोन माणसांचा भात लावू नये, वाया जातो. शनिवारी रेवदंडा. तेथे फार वेळ बसू नये, मुलीला कामे असतात.’

शेवटच्या नियमाखाली शाईनं, वेगळं अक्षर वाटावं इतक्या घाईनं, लिहिलेलं होतं : ‘दुरुस्ती. मुलीने बसा म्हटल्यास बसावे.’ खाली त्यांची सही होती.

मी कपाट लावून बाहेर येऊन बसलो. बाई साखर घेऊन आल्या, त्यांनी चहा ठेवला. मला सहाची एसटी पकडायची होती. बाईंनी विचारलं, घाई आहे का. मी नाही म्हटलं.